उत्तरेच्या उजेडाचं दुकान

५ ऑक्टोबर २०२४, पालेगाव

रघुभाऊजी आज एका टायवाल्या माणसाला घेऊन आले. रघुभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. गावातली कुठली जमीन कुठल्या बिल्डरकडे गेली हे त्यांना तोंडपाठ, कारण बहुतेक व्यवहारांत मध्ये तेच होते. टायवाला एका मोठ्या सुपरमार्केट कंपनीचा होता. रस्त्यालगत आमचा जो चिंचेचा तुकडा उरलाय तो त्यांना भाड्याने हवा. लॅपटॉपवर चित्र दाखवलं. चारी बाजूंनी काच, वर पत्रा, आत गारेगार एसी. चिंच चित्रात नव्हती.

"आणि माझं दुकान?" मी विचारलं. लेकीच्या बारशानंतर मी घराच्या ओटीवर किराणा दुकान टाकलं. लेक आता लग्न होऊन पनवेलला आहे, दुकान अजून इथेच आहे.

"वहिनी, टावरवाले तुमच्याकडं सुटी साखर घ्यायला येनार काय?" रघुभाऊजी हसले. "बसून भाडा खावा."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तिथे सुपरमार्केट होईल. पण माझं होईल. आणि असलं काचेचं नाही होणार."

तोंडून निघून गेलं, पण निघालं ते उगाच नाही. गेल्या मे महिन्यात बदलापूरला कात्रपमध्ये बहिणीकडे गेले होते. तिथल्या अशाच एका दुकानात आत शिरलं की अंगावर शाल घ्यावीशी वाटते. बाहेर आले तर मागच्या भिंतीवरची एसीची यंत्रं भाजीवालीच्या तोंडावर गरम वारा ओकत होती. ती बाई भाजी झाकायचं ओलं गोणपाट स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली होती. आतला गारवा म्हणजे तिच्या तोंडावर फेकलेली वाफ, एवढाच हिशोब. तेव्हापासून ते माझ्या मनातून जात नाही.

हरिचंद्र चहाच्या कपात बघत बसले. जमीन आमच्या दोघांच्या नावावर आहे. बाजूने एक शब्द बोलले असते तर जीभ झडली असती का? (समोर मी 'अहो' म्हणते. वहीत हरिचंद्र म्हणणार. वही माझी आहे.)

९ ऑक्टोबर

आर्किटेक्ट सापडली. शोधायला नकोच होती, रोज माझ्याकडून ताक नेते. जिज्ञासा वाघमोडे, शेजारच्या टॉवरच्या बी विंगमध्ये राहते, माहेर साताऱ्याकडचं. तिला सगळं सांगितलं तर ती ओटीवरच मांडी घालून बसली आणि बिस्किटांच्या रिकाम्या खोक्यावर पेनाने चित्र काढायला लागली.

"काकू, दुकानाला चारी बाजूंनी काच लागतच नाही. आत माल दाखवायचाय, ऊन नाही." तिने छप्पर काढलं ते करवतीच्या दातांसारखं. प्रत्येक दाताची उभी बाजू उत्तरेला आणि काच फक्त तिथे. उत्तरेचं ऊन आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर येतो. वरच्या काचा उघडायच्या, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल. पश्चिमेची भिंत दुहेरी, मध्ये पोकळी. फ्रीझरना झाकणं. अंगणात फरशी नाही, पाणी मुरेल असे जाळीचे ठोकळे. चिंच जागच्या जागी, भिंतच तिला वळसा घालेल.

"असं छप्पर आमच्या कंपनीला होतं," हरिचंद्र आतून म्हणाले. अंबरनाथच्या एमआयडीसीत जन्म काढला त्यांनी, गेल्या वर्षी कंपनीने घरी बसवलं. मी विचारलं, "मग चांगलं होतं की वाईट?" तर म्हणाले, "होतं." झालं. एवढाच सल्ला.

१२ ऑक्टोबर, दसरा

भूमिपूजन झालं. हरिचंद्रांनी बांधकामाच्या कागदांवर सही केली, नारळ फोडला आणि प्रसाद खाल्ला. रघुभाऊजी मुद्दाम उशिरा आले. चिंचेकडे बघून म्हणाले, "हिला ठेवून दुकान? चिंचेवर भुतं असतात वहिनी."

"असू दे," मी म्हटलं. "गिऱ्हाईक तेवढंच वाढेल."

जिज्ञासा एवढी हसली की तिच्या हातातलं आपट्याचं पान पडलं.

२४ नोव्हेंबर

ठेकेदार अमितशी आज कडाक्याचं भांडण. त्याला पोकळ भिंत मान्य नाही. "भाभी, दोन विटांत पोकळी ठेवायची म्हणजे उंदरांना फ्लॅट देण्यासारखं आहे. सीधा ब्लॉक लावतो, बाहेरून चकाचक शीट मारतो, एकदम मॉलवाला लुक."

जिज्ञासा त्याला समजावत होती आणि तो तिला 'बेटा' म्हणत होता. मी म्हटलं, "अमितभाऊ, ती बेटा नाही, आर्किटेक्ट आहे. आणि ही भिंत तिने काढलीय तशीच होईल. नाहीतर मी स्वतः विटा लावीन." मला वीट धरतासुद्धा येत नाही. पण बोलायला काय जातंय!

घरी येऊन भीती वाटली. खरंच उंदीर शिरले तर? जिज्ञासाला फोन केला. ती म्हणाली, पोकळी खालीवर बंद असते काकू. मग बरं वाटलं. अमितसमोर हा प्रश्न विचारला नाही तेच बरं.

१५ डिसेंबर

रस्त्याच्या पलीकडे रघुभाऊजींच्या स्वतःच्या तुकड्यावर लोखंडी सांगाडा उभा राहिलाय. त्याच कंपनीचा काचेचा डबा. माझी भिंत कमरेएवढी आणि त्यांचा पत्रा चढायला लागला. त्यात आज अमित आपली माणसं घेऊन तिकडे गेला. जाताना म्हणाला, "भाभी, उधर काम फास्ट है."

मी अर्धवट भिंतीवर बसून राहिले. रडले नाही. रागाने रडू येतं ते वेगळं, ते धरत नाहीत.

घरी सांगितलं तर हरिचंद्रांनी डोक्याला टोपी घातली आणि "शहाडला एकाकडं जाऊन येतो" म्हणून निघून गेले. घरावर वीज पडली तरी हा माणूस मित्राकडे गप्पा मारायला जाणार! संध्याकाळी आले, जेवले, झोपले.

१७ डिसेंबर

गावदेवी पावली! सकाळी साइटवर एक म्हातारे गवंडी उभे, श्यामकांत मिस्त्री, बरोबर चार माणसं. "काम आहे असं कळलं," म्हणाले. कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाले, "कळलं." पोकळ भिंत बघून त्यांनी काही कुरकुर केली नाही. "कुठून आलात?" "शहाड." बघा, देव कुठून माणसं पाठवतो. गावदेवीला साडी नेसवणार आहे.

९ जानेवारी २०२५

पश्चिमेची भिंत पूर्ण. सिमेंटला रोज सकाळी पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात. मी घरचं आवरून पोहोचते तोवर भिंत ओलीगच्च असते. साइटच्या राखणीला ठेवलेला जनू वॉचमन चांगला माणूस मिळाला. आज त्याला तिळाचे लाडू दिले आणि म्हटलं, "जनू, पाणी मारतोस, लक्ष आहे हं माझं." तो लाडवाकडे बघत राहिला. म्हणाला, "मी? बरं." लाजाळू आहे.

हरिचंद्रांना हल्ली पहाटे फिरायला जायचं वेड लागलंय. घोट्यापर्यंत पायजमा भिजवून येतात. म्हटलं, गवतातून कशाला चालता, रस्ता आहे ना? चहा मागितला.

२ फेब्रुवारी

छपराचे दात दिसायला लागले. टॉवरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला, जिज्ञासाने दाखवला. खाली एकेक शेरे. 'ये गोदाम है क्या?' 'शाळा असेल.' 'तबेला विथ व्ह्यू.' एकाने लिहिलं होतं, 'समोरचं बघा, किती प्रीमियम.'

जिज्ञासाचा चेहरा उतरला. तिचं हे पहिलं स्वतंत्र काम आहे. मी तिचा फोन घेतला आणि बोलून निरोप टाकला: "मी माधवी भोईर. हे गोदाम नाही, माझं दुकान आहे. पाडव्याला उघडतंय. ज्यांना तबेला वाटतोय त्यांनीही या, चारा ठेवलाय."

"काकू, असं नका ना बोलू, हेच आपले कस्टमर आहेत!"

"मग त्यांना आतापासून माझी सवय होऊ दे."

२५ फेब्रुवारी

आज खात्री पटली. संध्याकाळी रघुभाऊजी आले आणि दोघे भाऊ गच्चीवर गेले. मी वाळलेले कपडे काढायला वर जाताना जिन्यात होते. रघुभाऊजींचा आवाज चढला होता: "दादा, बायकोच्या नादाला लागून आख्खी जमीन घालवशील. कंपनी अजून तयार हाय." मग हरिचंद्रांचं काहीतरी हळू बोलणं. मला एवढंच ऐकू आलं: "पाडवा होऊ दे. मग बघू."

मग बघू म्हणजे काय? म्हणजे माझी हौस फिटू दे, तोंडावर पडू दे, मग सही करू. हरिचंद्र खाली आले तेव्हा मी सरळ विचारलं, "तुम्ही विकणार आहात का?"

"काय?"

"भाड्याने देणार आहात का? सरळ सांगा."

त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "काचा आल्या का उत्तरेच्या?"

मी भाजीची पळी आपटली. आजपासून मी फक्त कामापुरतं बोलणार. नीट कळू दे त्यांना.

३० मार्च, गुढीपाडवा

उघडलं!

गुढी उभारली ती चिंचेच्या बाजूला. दार उघडलं आणि मीच दारात थांबले. बांधताना रोज बघितलं होतं, पण रॅकवर माल लागल्यावर असं दिसेल वाटलं नव्हतं. एकही दिवा लावलेला नव्हता. वरून असा पांढरा, मऊ उजेड, डाळीचा रंग डाळीसारखा आणि मिरचीचा मिरचीसारखा. कुणाच्याही तोंडावर सावली नाही. जिज्ञासा रॅकच्या मागे जाऊन डोळे पुसून आली.

सुटं धान्य पिंपात ठेवलंय, डबा आणा, भरून न्या. कापडी पिशवी आणायला लावते म्हणून दोन बायका कुरकुरल्या. एकीने हौसेने डबा आणला, तो तिच्या सासूचा, पितळेचा.

हरिचंद्र न सांगता वजनकाट्याशी जाऊन उभे राहिले. नवा गडी ठेवलाय तो उशिरा आला म्हणून असेल.

समोरच्या काचेच्या डब्याचंही आजच उद्घाटन. ढोल, फुगे, साखरेवर साखर फुकट. माझ्याकडून निघून लोक तिकडे जात होते.

८ एप्रिल

गिऱ्हाईक नाही. जे येतं ते दारात थांबून वर बघतं आणि विचारतं, "एसी नाही?"

मी सांगते, "गरम होतंय का?"

ते म्हणतात, "नाही, तसं नाही. पण एसी नाही?"

घाम येत नाही हे त्यांना कळतं, पण थंडी वाजत नाही म्हणजे काहीतरी कमी दिलं असं वाटतं. गारव्याचंही लोकांना पॅकिंग लागतं! आइस्क्रीमची एजन्सी म्हणते, फ्रीझरची झाकणं काढा, माल दिसत नाही. मी म्हटलं, मुलांना हात आहेत, उघडतील. ते म्हणाले, मग आम्ही फ्रीझर परत नेतो. न्या म्हटलं. नेला.

आज गल्ला मोजला नाही. मोजून काय होणार.

१५ एप्रिल

जिज्ञासा आली. हातात नवं चित्र. नजर वर करीना.

"काकू, मी विचार केला. वरच्या काचा बंद करून घेऊ. खाली सीलिंग टाकू, एसी बसवू. रस्त्याच्या बाजूची भिंत तोडून काच लावता येईल. माझ्या हट्टापायी तुमचं नुकसान नको."

मी चित्र बघितलं. समोरच्यासारखंच होतं, फक्त चिंच जास्त.

"हे तू काढलंस?"

"काकू, मला झोप लागत नाही."

"मलाही लागत नाही. म्हणून काय छप्पर बंद करायचं?" माझा आवाज चढला, दुकानात असलेली एकुलती एक बाई दचकली. "तुझा हट्ट असेल तर तू मागे घे. माझा मी घेणार नाही. भाजीवालीच्या तोंडावर वाफ फेकून मी साखर विकणार नाही. नाही चाललं तर बंद करीन, पण असंच्या असं बंद करीन."

जिज्ञासा रडायला लागली. बाईने आणलेल्या डब्यात तांदूळ भरले आणि जाताना म्हणाली, "दीदी, मी उद्या पण येते." मला दया नकोय. पण या म्हटलं.

नंतर दिसलं, ते चित्र हरिचंद्रांनी उचललं आणि मागच्या कोऱ्या बाजूला आजचे भाव लिहून दारावर लावलं. त्यांना काही कळत नाही, कुठला कागद कशाचा. पण मी काढलं नाही. बरं दिसत होतं.

२३ एप्रिल

आज ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. दुपारी लाइट गेली. सगळ्या पट्ट्याची गेली, अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत म्हणे.

समोर जनरेटर लावला. त्यावर दिवे चालले, एसी नाही. काचेच्या डब्याला उघडायला एक खिडकी नाही. थोड्या वेळात लोक बाहेर, मग त्यांचा स्टाफ बाहेर, पायरीवर शर्ट पंख्यासारखे हलवत. शटर अर्धं खाली आलं.

माझ्याकडे काही बदललं नाही. लाइट गेली हे मला तराजूचा आकडा विझला तेव्हा कळलं. हरिचंद्रांनी जुना काटा बाहेर काढला.

आणि मग टॉवरमधून माणसं यायला लागली. लिफ्ट बंद, पंखे बंद, जिने उतरून आलेले म्हातारे, बाळं घेतलेल्या बाया. कुणी खरेदीला नव्हतं आलं. एक आजोबा चक्क तांदळाच्या पोत्यावर बसले. जिज्ञासा माझ्या कानात म्हणाली, "काकू, बसू द्यायचं?" मी बिस्किटांची खोकी रिकामी करून उलटी मांडली. बसा. विकत घ्यायची अट नाही.

दूध मात्र माझंही वाचेना. दुधाच्या फ्रीजला वीज लागतेच, माझ्या भिंती काही बर्फ करत नाहीत. सगळं दूध तापवलं, चहा केला आणि वाटला. समोरचा स्टाफही बोलावला. त्यातली एक पोरगी चहा घेताना वर बघत म्हणाली, "इथे दिवा कुठेय?" मी म्हटलं, "उत्तरेला."

हे सगळं जिंकलं-बिंकलं असं मी लिहिणार नाही. एक दुपार आहे. उद्या लाइट येईल आणि परत विचारतील, एसी नाही?

४ मे

तसं झालं नाही. म्हणजे विचारतात अजून, पण थांबतात. म्हातारे रोज येतात, त्यांच्यामागून सुना येतात डबे घेऊन. सोसायटीच्या सेक्रेटरीने, तबेला लिहिणारा तोच, जिज्ञासाला विचारलं की त्यांच्या हॉलची भट्टी होते, काही करता येईल का. ती म्हणाली, बघते. असं बोलली जणू वेळच नाही तिला. शिकली!

संध्याकाळी गर्दीच्या वेळी रघुभाऊजी टायवाल्याला घेऊन आले. टायवाला छपराकडे, भिंतीकडे बघत फिरला, हात लावून बघितलं.

"वहिनी, मानला," रघुभाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले. "कंपनी आता हीच बिल्डिंग घ्यायला तयार हाय. भाडा पहिल्यापेक्षा जास्त. फक्त वरती बोर्ड लागेल त्यांचा आनि चिंच जाईल, बोर्ड दिसत नाय."

वरती म्हणजे उत्तरेच्या काचांवर.

"नाही," मी म्हटलं.

"वहिनी, तुमचा एकटीचा नाव नाय जागेवर." ते वजनकाट्याकडे वळले आणि कागद पुढे केला. "दादा, तू बोलला होतास पाडवा होऊ दे. झाला पाडवा. कर सही."

रांगेतल्या माना वळल्या. हरिचंद्र एका बाईची तूरडाळ मोजत होते. मी काउंटर घट्ट धरला. फेब्रुवारीपासून याच दिवसाची भीती होती. मनात म्हटलं, करू दे सही. चिंचेला मिठी मारून बसेन, आणा म्हणावं करवत.

त्यांनी डाळ पुरती मोजली. वर मूठभर जास्त टाकली, हे त्यांचं नेहमीचं, दहादा सांगितलंय नका टाकू. डबा बाईच्या हातात दिला. मग म्हणाले, "मना कशाला इचारतस रघू? दुकान तिचा हाय. मी हितं पगारी मानूस."

"दादा!"

"सही तिला इचारून करतात. आनि ती नाय बोलली. सगल्यांनी ऐकला."

रघुभाऊजी लालबुंद झाले. मला एकदम जोर आला. म्हटलं, "भाऊजी, कागद ठेवा खिशात. काही घ्यायचं असेल तर रांग तिकडून आहे. पिशवी आणलीत का?"

आजोबा खोक्यावरून मोठ्याने हसले, मग सगळेच. टायवाल्याने जाताना गुपचूप भिंतीचा फोटो काढला. काढू दे. बांधा म्हणावं अशीच.

आता शांतपणे लिहिताना एकच गोष्ट डोक्यात अडकलीय. पगारी माणूस म्हणाले. पगाराचं आमचं काहीच बोलणं झालेलं नाही. सगळ्यांसमोर बोलून दाखवलं म्हणजे मनात असणार. उद्या सकाळी फिरून आले की स्पष्टच विचारते, किती हवाय.